पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल, इ.स. १८५८ – ५ एप्रिल, इ.स. १९२२) ह्या संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, लेखिका, बायबलच्या मराठी भाषांतरकार आणि निराधार स्त्रिया व मुली यांच्यासाठी काढलेल्या 'शारदा सदन' व 'मुक्ती सदन' या संस्थांच्या संस्थापिका होत्या. त्यांचे संपूर्ण नाव रमाबाई डोंगरे मेधावी. बालविधवा, दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुली, टाकलेल्या व फसवल्या गेलेल्या स्त्रिया अशा हजारो जणींना त्यांनी आसरा दिला, शिकवले आणि पोट भरण्याजोगी विद्या हाती दिली. या कार्यामागची त्यांची प्रेरणा धार्मिक होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. त्यामुळेच एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात त्यांच्याइतका गौरव आणि त्यांच्याइतका रोष क्वचितच एखाद्या स्त्रीच्या वाट्याला आला असेल.

बालपण आणि भ्रमंती

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे व्युत्पन्न पंडित. विद्यार्थिदशेत पेशव्यांच्या घरातील एका स्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे त्यांनी पाहिले होते आणि आपल्या पत्नीलाही शिकवावे ही इच्छा त्यांच्या मनात तेव्हाच रुजली. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्या विरोधामुळे ते साधले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना मात्र त्यांनी शास्त्र-पुराणे समजण्याइतके संस्कृत शिकवले. स्त्रीला देवभाषा शिकवल्याबद्दल समाजात गहजब झाला तेव्हा शास्त्रार्थ करून त्यांनी आपली बाजू मांडली आणि पुढे पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात आश्रम थाटला. तेथेच रमाबाईंचा जन्म झाला.

आश्रमातील विद्यार्थी व पाहुणे यांचा खर्च पेलेनासा झाल्यावर कुटुंबाने तीर्थयात्रेची वाट धरली. रमाबाई तेव्हा तान्ह्या होत्या. पुढची अनेक वर्षे हे कुटुंब देवळांतून, घाटांवरून पुराण सांगत फिरले. मिळेल ती दक्षिणा, मिळेल तो शिधा, हेच उत्पन्न. रमाबाईंना शाळा अशी मिळालीच नाही. आईने पहाटे जवळ घेऊन शिकवलेले पाठ हेच त्यांचे शिक्षण. भागवतातील हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. घरात मुलीचे लग्न लहानपणी करण्याची रीत असूनही अनंतशास्त्रींनी ती या मुलीच्या बाबतीत पाळली नाही. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा अनुभव दुःखद ठरला होता.

इ.स. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. इतर काही काम करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज वाटते, अशा स्थितीत हे विद्वान कुटुंब रानातील पाला व रानफळे खाऊन दिवस काढू लागले. इ.स. १८७४ मध्ये वडील व त्यापाठोपाठ थोड्याच काळात आई गेली. नंतर थोरली बहीणही दगावली. उरले थोरला भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. ही भावंडे त्यानंतर हजारो मैल पायी हिंडली. पंजाबातील थंडीत पांघरूण नसल्यामुळे नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. रमाबाईंच्या पुढील आयुष्यातील अनेक निर्णयांचे मूळ या वर्षांत सापडते. उपाशी मुलगी म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

याच काळात श्रद्धेलाही तडा गेला. व्रते, उपवास, दानधर्म सारे विधिपूर्वक करूनही आईवडील अन्नावाचून गेले, ही गोष्ट दोघा भावंडांच्या मनातून जाईना.

कलकत्ता, विवाह आणि वैधव्य

इ.स. १८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोहोचली. विशीतील एक अविवाहित तरुणी अस्खलित संस्कृतात बोलते, पंडितांच्या प्रश्नांना उत्तरे देते, हे दृश्य तेथे अपूर्व होते. विद्वानांच्या सभेने त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ब्राह्म समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांचा एक ग्रंथ भेट देऊन तो वाचण्याचा आग्रह केला. तोवर स्त्रीला वेदाधिकार नाही या समजुतीने रमाबाईंनी वेद वाचले नव्हते. धर्मशास्त्रांचा अभ्यासही त्यांनी येथे केला. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांना हे ग्रंथ वाचण्यास सुचवले गेले होते. परिणाम उलटाच झाला. अन्य सर्व बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांना कमी लेखण्यात मात्र एकमत आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. स्त्रीला स्त्री म्हणून मुक्तीचा मार्ग आहे की नाही, हा प्रश्न येथून त्यांच्या मनात पक्का बसला. पुढे संस्थेला त्यांनी दिलेले 'मुक्ती' हे नाव या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

इ.स. १८८० मध्ये श्रीनिवास यांचे ढाक्यात निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी भावाचे स्नेही, वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय व आंतरप्रांतीय होता. तत्कालीन दृष्टीने दोन्ही बाजूंनी बहिष्काराला पुरेसा. त्यांची कन्या मनोरमा इ.स. १८८१ मध्ये जन्मली. आसामातील सिलचर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात बंगाली भाषेतील लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत रमाबाईंच्या हाती लागली आणि तेथील एका मिशनऱ्याकडून त्या बायबलविषयी ऐकू लागल्या. पतीला हे रुचले नव्हते. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी कॉलऱ्याने वारले. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

पुणे

त्याच वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आदी सुधारकांच्या निमंत्रणावरून रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेली ही महाराष्ट्रातील आरंभीची संस्था होय. तिच्या शाखा अन्य गावांतही निघाल्या. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या दिवसांचे वर्णन केले आहे. सभेला जाणाऱ्या सुनांना घरातील वडीलधाऱ्या बायकांकडून काय काय ऐकावे लागे, ते त्यातून कळते. पंडिताबाईंचे पांडित्य मान्य होते. त्यांनी बायकांना घराबाहेर काढणे मान्य नव्हते.

'स्त्रीधर्मनीति' हे रमाबाईंचे पहिले पुस्तक इ.स. १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मराठीतून साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्रीशिक्षिका तयार कराव्यात, तपासनीसही स्त्रिया असाव्यात आणि हिंदुस्थानातील स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. विधवांसाठी आश्रम काढण्याचा विचारही त्यांनी पुण्यात मांडला. परंतु पैसा उभा राहिला नाही. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या इ.स. १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचा खर्च 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून भागला. बरोबर मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती.

इंग्लंड आणि धर्मांतर

इंग्लंडमधील वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे रमाबाई उतरल्या. या संघाची पुण्यातही शाखा होती. सुरुवातीलाच आनंदीबाई भगत यांनी विष घेऊन आयुष्य संपवले. या आघातानंतर काही काळातच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

धर्मांतराचा निर्णय होण्यात लंडनच्या फुलहॅम भागातील एका सदनाचा मोठा वाटा होता. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना संघाच्या भगिनी तेथे सांभाळत. ज्यांचे नावही घरात घ्यायचे नाही अशा बायकांची कोणी शुश्रूषा करते, त्यांना पुन्हा माणसांत आणते, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. त्याचे कारण विचारल्यावर त्यांना ख्रिस्त आणि विहिरीवरील शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकवण्यात आली. कलकत्त्यात मनात बसलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना या कथेत दिसले. सिद्धान्तांपेक्षा हे सदन त्यांना अधिक पटले होते, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून म्हणता येते. कारण सिद्धान्तांच्या बाबतीत त्या मुळीच आज्ञाधारक शिष्या नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात चर्चच्या अधिकाराविषयी, त्रैक्याविषयी तीव्र मतभेद दिसतात. धर्म बदलला म्हणून विचार करण्याचा हक्क सोडलेला नाही, ही त्यांची भूमिका होती. शाकाहार व साडी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यालाही त्यांनी हरकत घेतली होती.

ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. पुढे त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याजवळ राहून शिकल्या आणि तेथे संस्कृत शिकवले.

महाराष्ट्रात धर्मांतराची बातमी येताच कौतुकाची जागा संतापाने घेतली. रमाबाईंची बाजू जाहीरपणे घेणाऱ्या मोजक्या लोकांत जोतीराव फुले होते; 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंचे समर्थन केले.

अमेरिका

दूरच्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई इ.स. १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि गावोगाव व्याख्याने दिली. इ.स. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक 'द हाय कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झाले. त्याला डॉ. रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे. त्याच वर्षअखेर बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे तिने पत्करले. शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती राहणार नाही, ही अट दोन्ही बाजूंनी मान्य होती. या प्रवासावर रमाबाईंनी मराठीत लिहिलेले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (इ.स. १८८९) आजही वाचनीय आहे.

शारदा सदन

जपानमार्गे परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ रमाबाईंनी शारदा सदन सुरू केले. उद्घाटन समारंभाच्या अध्यक्षस्थानी लेखिका काशीबाई कानिटकर होत्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास हलवण्यात आले.

सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. आठव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलेल्या गोदूबाई वयाची विशी उलटल्यावर येथे पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. इ.स. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. कर्वे यांनी इ.स. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. महर्षी कर्वे यांच्या संस्थांचा इतिहास सांगताना शारदा सदनाचा हा दुवा अनेकदा गाळला जातो.

सदनात येणाऱ्या मुलींच्या घरच्या मंडळींचा विश्वास बसावा म्हणून रमाबाईंनी पुष्कळ काळजी घेतली. स्वयंपाकघर ब्राह्मणी सोवळ्याचे होते आणि मुलींना आपापली व्रते, पूजा, जेवणाचे नियम पाळण्याची मोकळीक होती. मराठी, इंग्रजी, संस्कृत, गणित यांबरोबर शिक्षिका होण्याची तयारी करून घेतली जाई. केशवपन केलेल्या, घराच्या मागच्या खोलीत वाढलेल्या मुलींना रमाबाई फिरायला नेत, फुलझाडे लावायला देत, चित्रे दाखवत. त्या मुलींनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. वादाचे मूळही या मायेतच होते.

इ.स. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या काँग्रेस अधिवेशनातील मोजक्या स्त्री प्रतिनिधींत रमाबाई होत्या. त्याच सुमारास सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या बोलल्या.

वाद

रमाबाई आपल्या खोलीत मुलीला जवळ घेऊन सकाळी प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. कोणाला बोलावले नाही, कोणाला अडवलेही नाही, असे रमाबाईंचे म्हणणे. 'केसरी'ने सदनावर टीकेची झोड उठवली. विद्यादानाच्या नावाखाली धर्मप्रसार चालला आहे, असा आरोप होता. सदनाच्या सल्लागार मंडळातील रानडे, रा.गो. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनाही हा प्रकार आश्वासनाशी विसंगत वाटला. इ.स. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुलींना पालक घरी घेऊन गेले.

या प्रकरणात दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. जिला अन्न, वस्त्र, अक्षर आणि माया एकाच व्यक्तीकडून मिळते, त्या अल्पवयीन मुलीला त्या व्यक्तीचा धर्म आपला वाटू लागणे स्वाभाविक आहे. तेव्हा सक्ती नव्हती एवढे म्हटल्याने टीकाकारांचे समाधान होणे शक्य नव्हते. उलटपक्षी, ज्यांनी त्या मुलींना अंधाऱ्या खोलीत ठेवले होते त्यांना मुलींच्या श्रद्धास्वातंत्र्याची आठवण सदनाच्या दारातच झाली, हेही खरे. मुलींनी केवळ दबावाखाली पुन्हा घर गाठावे आणि आपण आपले दार लावून घ्यावे, हे रमाबाईंना मान्य नव्हते. गमतीची गोष्ट अशी की, याच काळात काही मिशनरी मंडळी त्यांच्यावर नेमका उलट आक्षेप घेत होती: सदन धर्माबाबत तटस्थ राहते, ख्रिस्ताचे नाव पुरेसे घेत नाही! बॉस्टनच्या संस्थेने मात्र रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला.

इ.स. १८९१ च्या सुमारास रमाबाईंना स्वतःलाही एक आध्यात्मिक अनुभव आला. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आता सापडला, असे त्या मानू लागल्या. यानंतर तटस्थतेचा आग्रह त्यांच्या कार्यात उरला नाही. काही विद्यार्थिनींनी बाप्तिस्मा घेतला आणि हिंदू समाजाशी असलेला संस्थेचा धागा जवळजवळ तुटला.

दुष्काळ आणि मुक्ती सदन

अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे संपत आलेली असताना, संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव (आताचा दौंड तालुका) येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. माळरानच ते. विहिरी खोदून तेथे फळझाडे लावण्यास सुरुवात झाली.

इ.स. १८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदत केंद्रांवर उपाशी मुलींना कोण कशासाठी घेऊन जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दुष्काळात कुंटणखान्यांचे दलाल अन्नछत्रांभोवती घिरट्या घालतात, ही गोष्ट त्यांनी लिहून प्रसिद्धही केली. शारदा सदन पन्नाससाठ विधवांसाठी होते. हाताशी पैसा नव्हता. तरीही काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. कातडी हाडाला चिकटलेल्या, उवांनी व खरजेने भरलेल्या, काही अंगावर वस्त्र नसलेल्या अशा त्या होत्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला. एवढ्या मुलींना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर तंबू व झोपड्यांत नेण्यात आले. अशा रीतीने मुक्ती सदन ठरवून नव्हे, तर निरुपायाने वसले.

शारदा सदनातील थोरल्या मुलींची खरी परीक्षा येथे झाली. ज्या आजवर विद्यार्थिनी होत्या, त्यांना एकाएकी पंचवीस-तीस मुलींच्या आया व्हावे लागले. त्यांना न्हाऊ घालणे, औषध लावणे, भाकरीसाठी हाणामारी करणाऱ्यांना पंगतीत बसवणे, शिव्या देणाऱ्यांना अक्षरे शिकवणे ही कामे त्यांनी केली. रमाबाईंची सारी शिक्षणपद्धती या एका व्यवस्थेत आली आहे: जी काल आश्रयाला आली तिने आज आलेलीला सांभाळायचे. सोवळ्याचे स्वयंपाकघर येथे अर्थातच संपले. गोंड, कुणबी, महार, ब्राह्मण अशा सर्व जातींच्या मुली एका पंक्तीला बसू लागल्या. उच्चवर्णीय विधवांपासून सुरू झालेले कार्य दुष्काळाने असे सर्वांसाठी खुले केले.

इ.स. १८९७ मध्ये पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेवर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून कडक टीका केली. तेथे नेलेल्या आपल्या एका मुलीची झालेली आबाळ व तिची अब्रू धोक्यात आल्याचा प्रकार त्यांनी उघड केला. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नरांनी आरोप नाकारले. रमाबाईंनी माघार घेतली नाही. त्यांना परकीयांची हस्तक म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग फारसा लक्षात ठेवलेला नाही.

इ.स. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. इ.स. १९०० च्या गुजरातमधील छप्पन्नच्या दुष्काळात त्यांनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियांना तिकडे पाठवून शेकडो मुली आणवल्या. या काळात केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. म्हाताऱ्या व अपंग स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्यांनी अंध मुलींना वाचायला शिकवले. विणकाम, शिवण, धुलाई, वेतकाम, तेलाची घाणी, गाईगुरांची निगा, शेती, छपाई असे नाना उद्योग चालत. प्रत्येक मुलीला थोडे लिहिणे-वाचणे आणि एक तरी हातचे काम यावे, असा कटाक्ष होता.

एवढ्या माणसांच्या पोटाची तरतूद कशी होई? ठरावीक उत्पन्न नाही, कर्ज काढायचे नाही, ही रमाबाईंची रीत होती. ब्रिस्टल येथील अनाथालयाचे संस्थापक जॉर्ज म्युलर यांचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. देणग्या येत, कधी अगदी थोड्या येत. तेव्हा सगळ्यांचेच ताट हलके होई, रमाबाईंचेही. विरोधकांना हा बेहिशेबीपणा वाटे. पण हिशेबाच्या वह्या काटेकोर ठेवल्या जात आणि अहवाल छापले जात.

इ.स. १९०५ मध्ये मुक्ती सदनात सामूहिक प्रार्थनेची एक लाट उसळली. मुली मोठ्याने रडत, प्रार्थना करीत, गटागटाने गावोगाव जात. जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते.

बायबलचे भाषांतर

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, मुक्तीतील अल्पशिक्षित बायकांना ते कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या पंडितेने हे म्हणावे, यात विसंगती नाही; संस्कृत कळणाऱ्या बायका किती, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? शिवाय जुन्या दर्शनग्रंथांतील शब्दांबरोबर त्यांतील अर्थही नकळत येतात, असे त्यांचे मत होते. मूळ भाषांतून काम करता यावे म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. अक्षरजुळणी, छपाई, बांधणी ही सर्व कामे मुक्ती सदनातील स्त्रियांनी केली. यांतील अनेक जणी दुष्काळात उचलून आणलेल्या, एकही अक्षर न येणाऱ्या मुली होत्या. संपूर्ण बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर, इ.स. १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतराची मराठी सर्वत्र सारखी सुबोध झाली आहे असे नाही. मूळ शब्दक्रमाशी इमान राखताना वाक्ये काही ठिकाणी अवघडली आहेत.

अखेर

कार्याची वारस म्हणून रमाबाईंनी मनोरमा यांना घडवले होते. मनोरमा शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका होत्या. निजाम संस्थानातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढण्यातही त्यांचा पुढाकार होता. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या मुलीला दहा महिन्यांची असताना कडेवर घेऊन रमाबाई वैधव्याला सामोऱ्या गेल्या होत्या, ती त्यांच्याआधी गेली. त्यानंतर जेमतेम आठ महिने रमाबाई जगल्या. प्रकृती ढासळत असताना भाषांतराची अखेरची मुद्रिते तपासून होईपर्यंत त्या काम करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि स्मृती

ब्रिटिश सरकारने इ.स. १९१९ मध्ये रमाबाईंना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९८९ मध्ये, शारदा सदनाच्या शताब्दीच्या वर्षी, त्यांचे तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवराला 'मेधावी' हे नाव देण्यात आले आहे. देवदत्त नारायण टिळक यांनी मराठीत त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. मधल्या काळात मराठी सुधारणा-इतिहासात रमाबाईंचा उल्लेख आटोपता घेण्याची रीत पडली होती. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्या संशोधनाने त्या पुन्हा चर्चेच्या केंद्रस्थानी आल्या. केडगाव येथील संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने आजही चालू असून तेथे निराधार स्त्रिया व मुले राहतात. रमाबाईंची समाधी त्याच आवारात आहे.